शनिवारचा हवामानाचा तास आमच्या लेकरांना परत द्या : जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), आमच्या तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी आणि विस्तार अधिकारी साहेब,

नमस्कार.

शाळा उघडल्या आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या शाळेला निरोप आला की शनिवारचा हवामानाचा तास बंद करा, त्या वेळात भाषा-गणिताच्या सराव चाचण्या घ्या, आणि पर्यावरणाचं काय असेल ते झाडं लावल्याचे फोटो अन् एक चित्रकला स्पर्धा, तेवढं अपलोड केलं की झालं. लेखी आदेश आम्हाला कुणी दाखवला नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मेसेज पडला आणि मॅडमनी तास बंद केला, त्यांचा तरी काय इलाज. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे, माझी दोन लेकरं ह्याच शाळेत आहेत, थोरली सातवीला आणि धाकटा चौथीला. समितीला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहायलेय, कारण आमच्या गावात जे झालं ते उद्या मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेत होऊ शकतं.

आधी सांगते मला ह्याचं एवढं का लागलंय. आमचं रान मांजरा नदीच्या काठाला आहे. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, अख्ख्या देशानं ते टीव्हीवर बघितलं. तेव्हा माझी थोरली रांगायची सोडून नुकती पळायला लागली होती आणि आम्ही तिच्या अंघोळीचं पाणी घमेल्यात धरून ठेवून परत वापरायचो. त्याच पोरीनं 2021 च्या सप्टेंबरात मांजरेचं पाणी उभ्या सोयाबीनमध्ये शिरलेलं बघितलं, 2023 ला पाऊस ताणला तेव्हा शेंगा भरल्याच नाहीत ते बघितलं, आणि 2025 च्या सप्टेंबरात तर नुसतं पीक गेलं नाही, बांधाखालची माती खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. शाळेच्या वयाच्या लेकराने एवढ्यात दुष्काळ पण बघितला आणि महापूर पण. धाकटा तर त्या पुरानंतर रात्री ढग वाजले की उठून बसायचा आणि विचारायचा, पाणी आलं का, दप्तर वर ठेवू का. ह्या लेकराला तुम्ही "पर्यावरण वाचवा" असं रंगीत खडूनं लिहायला सांगता तेव्हा त्याला त्यातून काय मिळतं हो?

शनिवारच्या तासात त्याला काय मिळायचं ते सांगते, कारण मला वाटतं तुमच्यापैकी कुणी तो तास बसून बघितलेला नाही.

सुरुवात झाली पर्जन्यमापकापासून. कोल्ड्रिंकची सरळ अंगाची बाटली, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा, बाटलीचं बूड वेडंवाकडं असतं म्हणून तिथं खडे आणि पाणी भरून शून्याची रेघ मारायची, आणि बाहेरून पट्टी चिकटवायची. खर्च काहीच नाही. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी दोन लेकरं आकडा वाचून फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. आता आपल्याकडं एका महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पंचनामे-मदत सगळं पुढं त्याच्यावर अवलंबून, आणि मंडळाचं यंत्र आमच्यापासून लांब दुसऱ्या गावात आहे. तिथं कोरडं आणि आमच्याकडं धो धो, असं किती वेळा झालंय. लेकरांचा आकडा सरकारी धरत नाहीत हे मलाही कळतं, पण गडीमाणसं रानात जाता जाता शाळेच्या खिडकीतून "आज किती झाला रे" विचारायला लागली, आणि ग्रामसभेत पहिल्यांदा पावसावर बोलताना कुणीतरी तारखेसकट बोललं. ते बोलणारी सातवीची पोरगी होती.

त्याच बाटलीवरून गणित चालायचं. शाळेच्या एका खोलीचं छत 8 मीटर बाय 6 मीटर, म्हणजे 48 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस पडला की त्या छतावर 48 लिटर पाणी पडतं. मग 65 मिलिमीटरला किती? 3120 लिटर. असे चार पाऊस म्हणजे बारा हजार लिटरचा टँकर भरून वर उरतं. हे माझ्या धाकट्यानं घरी येऊन मला सांगितलं, आणि मग आमच्याच घराचे पत्रे मोजायला निघाला. क्षेत्रफळ, गुणाकार, एकक, सगळं आलं त्यात. साहेब, तुम्ही सराव चाचणीत हेच विचारता ना?

लेकरांनी शिवलेल्या वाकळीबद्दल, म्हणजे गोधडीबद्दल, मात्र मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण माझा सगळ्यात जास्त जीव तिच्यात अडकलाय. इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठाचे एड हॉकिन्स म्हणून हवामानशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 2018 ला एक चित्र केलं, त्यात आकडे नाहीत अक्षरं नाहीत, नुसत्या उभ्या पट्ट्या, एक पट्टी म्हणजे एक वर्ष, थंड वर्ष निळं आणि तापलेलं वर्ष लाल. बघितल्या बघितल्या कळतं की जग तापायलंय. मॅडमनी ते लेकरांना दाखवलं आणि म्हणाल्या आपण आपल्या पावसाचं करू, पण कागदावर नको, वाकळ शिवू. 1972 पासूनचे आकडे तहसीलमधून, कृषी खात्याकडून जमतील तसे आणले, ज्या वर्षाचा आकडा मिळाला नाही तिथं पांढरी पट्टी ठेवायची असं लेकरांनीच ठरवलं, अंदाजानं रंग लावायचा नाही. घराघरातून जुनी लुगडी, धोतरं, शर्टाचे तुकडे आले. भरपूर पावसाचं वर्ष गर्द निळं, कमी पावसाचं तपकिरी. शिवायला गावातल्या म्हाताऱ्या बायका येऊन बसल्या, आणि बसल्या की बोलायला लागल्या. बाहत्तरच्या दुष्काळाच्या पट्टीला टाका घालताना एक आजी मिलो ज्वारीच्या भाकरीबद्दल, सुकडीबद्दल, कडेवर लेकरू घेऊन रोजगार हमीच्या कामावर खडी फोडल्याबद्दल सांगत होती आणि अख्खा वर्ग टाचणी पडली तरी ऐकू येईल असा शांत. लेकरांनी ते वहीत उतरवून घेतलं. 2015 ची पट्टी लावताना पोरं आपसात बोलत होती की ही रेल्वेच्या पाण्याच्या आधीची, म्हणजे पाऊस आदल्या वर्षी हुकला आणि हाल पुढच्या उन्हाळ्यात झाले. कारण आणि परिणाम ह्यावर एवढा चांगला धडा मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही. आणि वाकळ पूर्ण झाल्यावर एका पोरानं विचारलं की मॅडम, एकूण पाऊस तर काही वर्षं ठीकच दिसतोय, मग नुकसान का होतंय? तिथून पुढच्या शनिवारी पावसाच्या दिवसांची मोजणी सुरू झाली, की वर्षाचा पाऊस किती दिवसांत पडला, किती दिवस खंड पडला.

हा प्रश्न बारीकसारीक नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 ला दाखवून दिलं की 1950 ते 2015 ह्या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिपावसाच्या घटना जवळपास तिपटीनं वाढल्या. हवा एक अंश तापली की ती साधारण सात टक्के जास्त वाफ धरू शकते, मग सुटते तेव्हा एकदम सुटते. लेकरू स्वतः त्या प्रश्नापर्यंत आलं होतं, पुढचा शनिवार दिला असता तर उत्तरापर्यंत पण गेलं असतं.

बाकीचं थोडक्यात. पंचांगातली नक्षत्रं एका ओळीत आणि खाली प्रत्यक्ष पाऊस असा लांब तक्ता भिंतीवर होता, मृग कोरडा गेला आणि हस्तात बदाबदा पडला हे दिसायचं, आणि गावातले जाणते लोक त्यापुढं उभं राहून लेकरांशी वाद घालायचे. दोन खोल्यांपैकी एकीच्या पत्र्यावर चुना मारला, दुसरीच्या नाही, दोन्हीकडं थर्मामीटर टांगले, फरक दिसल्यावर लेकरांनी घरच्या पत्र्याला चुना मारायचा हट्ट धरला. युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईनं 1856 ला काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दाखवलं होतं की कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी जास्त तापते आणि थंड व्हायला वेळ घेते. आमच्या पोरींनी बरण्या, खायचा सोडा आणि लिंबू घेऊन तसं करून बघितलं. मॅडमनी स्वच्छ सांगितलं की बरणी म्हणजे पृथ्वी नाही, एवढ्यावरून लगेच काही सिद्ध होत नाही. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका बाईनं हा प्रश्न विचारला होता हे ऐकून पोरींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलंय. वेळाअमावस्येला रानात जेवायला जातो तेव्हा लेकरांनी आजोबांना विचारून पूर्वीच्या पिकांची यादी केली, आणि शाळेत येऊन जमिनीवर ज्वारी, मूग, करडई, तूर, सोयाबीनचे दाणे वापरून शिवाराचे दोन नकाशे केले, तेव्हाचा आणि आताचा. आताच्यात सोयाबीन सोडून बाकी दाणे शोधावे लागत होते.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं. दिवाळी झाली की आमच्या वर्गातले बाक रिकामे होतात हे तुम्हाला आकडेवारीवरून माहीत असेल. हंगामी वसतिगृहात काही राहतात, काही आईबापासोबत जातात. जी गेली ती कोपीवरून, म्हणजे तिथल्या झोपडीवरून, बापाच्या मोबाइलवर मॅडमना व्हॉइस मेसेज पाठवायची, इकडं सांगलीकडं आज आभाळ आलंय, इकडं कर्नाटकात रात्री थंडी लई आहे, आणि इथली लेकरं ते नकाशावर लावायची. शाळेपासून तुटलेल्या लेकराला शाळेला काहीतरी द्यायला मिळालं. परत आल्यावर ती वर्गात परकी वाटली नाहीत. सराव चाचणीतून हे होणार नाही साहेब.

आता माझ्या तक्रारी, सरळ सांगते.

पहिली, तुम्ही न विचारता बंद केलं. शाळा व्यवस्थापन समिती कायद्यानं आहे, नुसत्या सह्यांपुरती नाही.

दुसरी, जे बंद केलं ते नियमाबाहेरचं नव्हतंच. राज्य शासनानं 2024 ला पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार हा उपक्रम आणला, 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अनुभवातून शिका म्हणतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं तर एम. सी. मेहता प्रकरणात 1991 लाच पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा म्हणून सांगितलंय. मग आमच्या शाळेनं चूक काय केली ते कळू द्या.

तिसरी, पर्यावरण म्हणजे झाडाचा फोटो, हे समीकरण. 5 जूनला शाळांना सुट्टी असते, लेकरांना घरून बोलावून रोपासोबत उभं करतात. फोटो जातो. त्यातली किती रोपं मार्चला जिवंत होती हे आम्हाला आजपर्यंत कुणी विचारलं नाही. झाडं लावायला माझा विरोध नाही, मी स्वतः खड्डे खांदलेत, पण लावलेल्या झाडाला पाणी कोण घालणार, कुठलं झाड ह्या मुरमाड जमिनीत टिकतं, हे लेकरांच्या हातात दिलं तर त्याचं शिक्षण होतं.

चौथी, शिक्षकांवरचा भार. आमच्या मॅडमनी हे सगळं स्वतःच्या वेळात, स्वतःच्या पैशातून केलं. कुठलं प्रशिक्षण नाही, कौतुकाचा एक शब्द नाही, उलट "हे करत बसण्यापेक्षा निकाल बघा" हे ऐकायला लागलं. त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, हे पत्र माझं आहे, त्यांना ह्याच्यात ओढू नये ही विनंती.

आणि एक गोष्ट मला खरंच समजत नाही. आमच्या मराठवाड्यातल्या गावांत शासन 2018 पासून जागतिक बँकेच्या मदतीनं पोकरा नावाचा शेतीचा प्रकल्प राबवायलंय, त्याचं नावच हवामान अनुकूल शेती. म्हणजे बापाला सांगायचं हवामान बदललंय, शेततळं घे, ठिबक घे, बियाणं बदल, आणि त्याच घरातल्या लेकराला शाळेत त्यावर प्रश्न विचारायला वेळ नाही म्हणायचं?

तुमची बाजू मला दिसते. वाचन-गणितात आमच्या जिल्ह्यातली लेकरं मागं आहेत, तुमच्यावर वरून दबाव आहे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला पर्जन्यमापकाचा काय उपयोग असं कुणी म्हणेल. माझा धाकटा अडखळत वाचायचा, हे मी लपवत नाही. तो मोठ्यानं वाचायला लागला ते रोजच्या पावसाची नोंद सगळ्यांसमोर वाचून दाखवायची पाळी आली तेव्हापासून. एका लेकरावरून मी नियम काढत नाही, पण तास बंद करायच्या आधी निदान ह्या वर्गाची प्रगती तपासून बघायला पाहिजे होती. आणि भीतीचं म्हणाल तर ढग वाजले की तो अजून उठतो, पण आता सकाळी बाटलीत किती भरेल ह्याचा अंदाज सांगतो आणि झोपतो. आईला ह्याच्यापेक्षा मोठी प्रगती कुठली असते मला माहीत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत. शनिवारचा हवामानाचा तास ह्याच महिन्यात परत सुरू करा, आणि तसं लेखी पत्र शाळेला द्या म्हणजे उद्या परत कुणाच्या मेसेजवर तो बंद पडणार नाही. केंद्रातल्या प्रत्येक शाळेला एक साधा पर्जन्यमापक आणि दोन थर्मामीटर द्या, त्याला फार पैसे लागत नाहीत, समग्र शिक्षामधून इको क्लबसाठी जो निधी येतो त्याचा आमच्या शाळेचा हिशोब समितीसमोर ठेवा, त्यातूनच होईल. शिक्षकांना वर्षातून एकदा तरी परभणीच्या कृषी विद्यापीठात, नाहीतर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, नाहीतर संभाजीनगरच्या वाल्मीत, म्हणजे पाणी-जमीन व्यवस्थापनाच्या संस्थेत न्या, तिथल्या लोकांशी बसू द्या, ऑनलाइन लिंक पाठवून प्रशिक्षण झालं असं धरू नका. वीज पडून आपल्याकडं दरवर्षी माणसं-जनावरं मरतात, म्हणून मेच्या सुट्टीआधी आणि जूनला शाळा उघडल्यावर विजेपासून बचावाचा सराव प्रत्येक वर्गात घ्या, विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप कसं बघायचं ते लेकरांना शिकवा, ती घरी जाऊन आम्हाला शिकवतील. झाडांच्या फोटोऐवजी वर्षाअखेर जगलेल्या झाडांची लेकरांनी केलेली मोजणी मागवा. ऊसतोडीच्या लेकरांचे फोनवरचे निरोप चालू ठेवायला हंगामी वसतिगृहं आणि शाळा जोडून द्या. आणि बालभारतीच्या परिसर अभ्यासातले धडे शिकवताना आमच्या तालुक्याचे पाऊस-तापमानाचे आकडे वापरायला शिक्षकांना मोकळीक द्या, तहसीलनं ते आकडे शाळांना दर महिन्याला द्यावेत म्हणून तुम्ही तहसीलदारांना एक पत्र लिहा, आमच्या मॅडमना खेटे घालायला लावू नका.

दुसऱ्या गावातल्या पालकांना पण सांगणं आहे, तुमच्या शाळेत असा तास नसेल तर समितीच्या बैठकीत मागा, बाटलीचा पर्जन्यमापक कसा करायचा ते आमची लेकरं येऊन दाखवतील, शनिवारी दुपारनंतर ती मोकळीच असतात.

साहेब, तुम्ही कुठल्याही दिवशी शाळेत या, आधी कळवून या किंवा न कळवता या. लेकरांशी बोला, त्यांच्या वह्या बघा, वाकळ बघायला मागा, सध्या ती घडी घालून कपाटात ठेवलीय कारण त्या भिंतीवर छापील बॅनर लावायचा आहे म्हणतात. चाचणीच घ्यायची असेल तर लेकरांची ह्याच विषयावर घ्या, आमची तयारी आहे.

शाळा व्यवस्थापन समितीची पुढची बैठक ह्या महिनाअखेर आहे. त्याच्या आधी लेखी उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा, बैठकीत ते वाचून दाखवू. उत्तर नाही आलं तर हाच विषय ठराव म्हणून ग्रामसभेत मांडणार आहोत आणि त्याची प्रत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना देणार आहोत.

आपली,
मांजरेकाठची एक शेतकरी पालक,
सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती